सोवळ्यातला फोन आणि रोजचा व्यवहार

इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या वसाहतीला नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि ते केव्हा सोडले जाणार याची सूचना वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर पडते. दीड वर्षापूर्वी मी गोपनीयतेला प्राधान्य देणारा फोन वापरायला घेतला आणि पहिल्याच आठवड्यात ही सूचना माझ्या फोनवर जवळजवळ दोन तास उशिरा उमटली. तोवर पाणी येऊन गेले होते आणि गच्चीवरची टाकी कोरडी राहिली होती. काकूंनी विचारले, "अरे, एवढा महागाचा फोन घेतलास आणि त्याला साधा मेसेज वेळेवर देता येत नाही?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर नीट द्यायचे तर असा फोन म्हणजे नेमके काय, त्यात काय काढून टाकलेले असते आणि काढलेल्या गोष्टींपैकी कोणती परत आत घ्यावी लागते, हे सारे सांगावे लागते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातातील फोन अँड्रॉइड या प्रणालीवर चालतो. गूगलने २००५ मध्ये ही प्रणाली विकत घेतली आणि तिच्यावर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. तिचा गाभा खुला आहे, म्हणजे तो कोणालाही घेता येतो, वाचता येतो आणि बदलून वापरता येतो. मात्र जेल रोडवरच्या दुकानातून आपण जो फोन घरी आणतो, त्यात या गाभ्यावर गूगल प्ले सर्व्हिसेस नावाचा एक थर आधीपासूनच बसवलेला असतो. सूचना पोहोचवणे, ठिकाण शोधणे, खात्यात प्रवेश देणे, फोन अस्सल असल्याची ग्वाही इतर ॲपना देणे अशी अनेक कामे हा थर करतो आणि त्यासाठी त्याला असे विशेष अधिकार मिळालेले असतात, जे सामान्य ॲपला कधीच मिळत नाहीत आणि जे फोनच्या मालकाला काढूनही घेता येत नाहीत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील प्राध्यापक डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये मोजणी करून दाखवले की फोन नुसता टेबलावर पडून असला तरी तो सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपल्या निर्मात्या कंपनीशी संपर्क साधून काही ना काही माहिती पाठवत असतो, आणि संपर्क साधण्याच्या या वारंवारतेत गूगलचा फोन आणि ॲपलचा आयफोन यांच्यात फारसे डावे-उजवे नव्हते.

गोपनीयतेचा फोन म्हणजे तोच खुला गाभा, पण वरचा थर नसलेला किंवा वेगळ्या रीतीने बसवलेला. या वाटेवर अनेक प्रकल्प आहेत. लिनिएज ओएस जुन्या फोनना नवे आयुष्य देण्यासाठी उत्तम आहे. ई-ओएसमध्ये गूगलच्या थराऐवजी मायक्रो-जी हा खुला पर्याय बसवलेला असतो. मी वापरतो ते ग्राफीन ओएस. हे काम २०१४ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाले आणि २०१९ पासून ते या नावाने ओळखले जाते. आजवर त्याचा सारा भर गूगलच्याच पिक्सेल फोनवर राहिला आहे. गूगलपासून दूर जाण्यासाठी गूगलचाच फोन विकत घ्यायचा, हे ऐकून काकू खूप हसल्या होत्या. त्यामागचे कारण मात्र तांत्रिक आहे. पिक्सेलमध्ये किल्ल्या सांभाळणारी वेगळी सुरक्षा-चिप असते, सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर मिळतात (पिक्सेल ८ पासून तर सात वर्षे), आणि मुख्य म्हणजे नवी प्रणाली बसवल्यानंतर फोनचे कुलूप, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली अस्सल आहे का हे तपासणारी व्यवस्था, पुन्हा लावता येते. बहुतेक इतर फोनवर पर्यायी प्रणाली बसवली की हे कुलूप कायमचे उघडे राहते आणि मग फोन दुसऱ्याच्या हाती लागल्यास प्रणालीत कोणी ढवळाढवळ केली तरी ते ओळखण्याचा भरवसा उरत नाही.

नवा फोन हाती आल्यावर पहिला महिना मी तो अगदी कडक सोवळ्यात ठेवला. गूगलचे एकही ॲप नाही, आणि एक व्हॉट्सॲप सोडले तर सगळे खुल्या परवान्याचे, सगळे एफ-ड्रॉइड या भांडारातून आणलेले. माझ्या आजोळी सोवळ्यात स्वयंपाक होत असे, पण त्या घरातही दूध बाहेरूनच येई आणि दूधवाल्याला कोणी आंघोळ झाली का म्हणून विचारत नसे. फोनच्या बाबतीत हे उमगायला मला टाकी कोरडी पडावी लागली.

आता उशिरा आलेल्या त्या सूचनेबद्दल. फोन खिशात असताना त्यातील प्रत्येक ॲपने आपापल्या सर्व्हरशी सतत जोडणी ठेवली, तर बॅटरी दुपारीच संपेल. म्हणून अँड्रॉइडने २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, डोझ नावाची व्यवस्था आणली. फोन काही काळ स्थिर पडून राहिला की ॲपना झोपवले जाते आणि अधूनमधून थोडा वेळच जागे केले जाते. मग तातडीचा संदेश कसा पोहोचतो? त्यासाठी गूगल प्ले सर्व्हिसेस सर्वांच्या वतीने एकच जोडणी कायम उघडी ठेवते. व्हॉट्सॲपचा सर्व्हर गूगलच्या सर्व्हरला कळवतो, गूगलचा सर्व्हर या एकाच जोडणीवरून फोनला हाक मारतो, फोन व्हॉट्सॲपला जागे करतो आणि घंटा वाजते. एखाद्या वाड्यात वीस बिऱ्हाडे असतील आणि टपाल घेण्यासाठी प्रत्येकाने दिवसभर दारात उभे राहण्याऐवजी एकाच रखवालदाराला बसवले असेल, तसाच हा प्रकार आहे. रखवालदार बहुधा पत्र उघडून वाचत नाही, पण कोणाला केव्हा आणि किती टपाल येते, हे त्याला न वाचताही ठाऊक असते. मी हा रखवालदारच काढून टाकला होता. व्हॉट्सॲप स्वतःची जोडणी ठेवण्याचा प्रयत्न करी, डोझ त्याला झोपवी आणि पाणी निघून जाई. बॅटरी वाचवण्याच्या नियमातून त्या एका ॲपला सूट दिली असती तर संदेश बऱ्याच अंशी वेळेवर आले असते, पण बॅटरीचा खर्च वाढला असता. सिग्नलसारखी काही ॲप रखवालदाराविनाही व्यवस्थित चालतात, सगळीच चालत नाहीत.

इथे ग्राफीन ओएसने २०२१ मध्ये काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. गूगलची प्ले सर्व्हिसेस हवी असेल तर बसवा, पण एक सामान्य ॲप म्हणून. तिला विशेष अधिकार नाहीत, इतर ॲपांप्रमाणेच तिलाही आपल्या चौकटीत राहावे लागते, आणि ठिकाण, संपर्कयादी, मायक्रोफोन यांपैकी जे द्याल तेवढेच तिला मिळते. रखवालदार दारात बसेल, परंतु माजघराची किल्ली त्याच्याकडे नसेल. याच्या जोडीला एकाच फोनवर वेगवेगळ्या वापरकर्त्यांची दालने करता येतात. एका दालनातील ॲपला दुसऱ्या दालनात कोणती ॲप आहेत हे दिसत नाही आणि तिथल्या फाइलींपर्यंत पोहोचताही येत नाही. सुरुवातीला मी व्हॉट्सॲप, टॅक्सी, घरपोच किराणा ही सगळी मंडळी गूगलसह दुसऱ्या दालनात बसवली आणि मुख्य दालन स्वच्छ ठेवले. व्यवस्था निर्दोष होती, पण दिवसातून तीस वेळा दालन बदलण्याचा कंटाळा येऊ लागला आणि तीन महिन्यांनी मी व्हॉट्सॲप आणि रखवालदार या दोघांनाही मुख्य दालनात आणले. काही जाणकार याला तडजोड म्हणतील आणि ते खरेच आहे. मात्र जी शिस्त तीन महिन्यांत मोडते, तिच्यापेक्षा तीन वर्षे पाळता येईल अशी सैल शिस्त मला अधिक उपयोगाची वाटते.

सर्वांत अवघड जागा पैशांची. आपल्याकडे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये यूपीआय आणले आणि आज छप्पन दुकानवर पोहे-जिलबी घ्यायची असो की कोपऱ्यावर भाजी, समोर क्यूआरचा फलक असतोच. यूपीआयचे ॲप प्रथम सुरू करताना ते आपल्या सिमवरून एक एसएमएस पाठवते. तो कोणत्या क्रमांकावरून आला हे पाहून बँकेकडे नोंदवलेला क्रमांक आणि हातातील फोन यांची गाठ बांधली जाते. म्हणून या ॲपना एसएमएसची परवानगी द्यावीच लागते. ॲप दुसऱ्या दालनात ठेवायचे असेल तर त्या दालनाला फोन व एसएमएस वापरण्याची मुभा मुख्य दालनातून मुद्दाम द्यावी लागते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे माझी एक संपूर्ण संध्याकाळ वाया गेली. ठिकाणाची परवानगीही अनेक ॲप मागतात. व्यवहाराच्या संदेशाबरोबर उपकरणाची आणि ठिकाणाची माहिती जोडण्याची सोय यूपीआयच्या रचनेतच आहे. याला आपण हरकत घेऊ शकतो, पण ते एखाद्या ॲपचे लबाड कुतूहल आहे असे म्हणणे बरोबर ठरणार नाही.

दुसरी अडचण ओळखपत्राची. अनेक बँकांची ॲप सुरू होताना गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या सेवेला विचारतात की हा फोन भरवशाचा आहे काय. या उत्तराच्या तीन पातळ्या आहेत. सर्वांत खालच्या पातळीवर ग्राफीन ओएस उत्तीर्ण होते. वरच्या दोन पातळ्यांसाठी मात्र गूगलने प्रमाणित केलेली प्रणाली लागते, त्यामुळे तिथे ते अडते. यातला विरोधाभास असा की कित्येक वर्षे सुरक्षेची एकही सुधारणा न मिळालेला जुना फोनही, तो मूळचा प्रमाणित असल्यामुळे, मधल्या पातळीवर उत्तीर्ण होऊ शकतो आणि दर महिन्याला सुधारणा मिळणारा माझा फोन नापास होतो. तपासणी सुरक्षिततेची असल्याचे सांगितले जाते, प्रत्यक्षात ती बऱ्याच प्रमाणात शिक्क्याची असते. तरीही बँकेची बाजू समजून घेतली पाहिजे. ग्राहकाच्या पडद्यावर डोळा ठेवणारी फसवी ॲप, कुलूप तोडलेले फोन, रोजच्या फसवणुकीच्या तक्रारी, हे सगळे तिच्या दारात येते आणि जगातील प्रत्येक प्रणालीची पारख करण्याइतके मनुष्यबळ तिच्याकडे नसते.

माझ्या एका बँकेचे ॲप सात महिने बिनतक्रार चालले आणि एका रात्रीच्या अद्ययावतीनंतर सकाळी त्याने 'आपले उपकरण सुरक्षित नाही' असे सांगून दार लावून घेतले. हे मला कळले ते छप्पनवर, हातात पोह्यांची बशी असताना. त्या दिवशी मित्राने पैसे दिले. त्यानंतर मी जी व्यवस्था केली तिचा आधार यूपीआयच्याच एका गुणात आहे. कोणत्याही बँकेचे खाते कोणत्याही यूपीआय ॲपला जोडता येते, त्यामुळे बँकेचे स्वतःचे ॲप रुसले म्हणून क्यूआर वाचणे थांबत नाही. भीमसह चार-पाच ॲपांपैकी जे आपल्या फोनवर चालेल ते घ्यावे. बँकेची बाकीची कामे ब्राउझरमधून, तिच्या संकेतस्थळावरून करावीत. मुदतठेव मोडण्यासारखी कामे वर्षातून दोनदा येतात, त्यांच्यासाठी ॲप बाळगण्याची गरज नाही. इंटरनेट नसताना *९९# लावूनही यूपीआयचा व्यवहार होतो. आणि खिशात दोनशे रुपये रोख असावेतच, हा उपाय कोणत्याही प्रणालीवर चालतो.

ज्यांना बँकेचे ॲप हवेच आहे, त्यांनी घरातला एखादा साधा, पण अजून सुधारणा मिळत असलेला फोन त्यासाठीच राखून ठेवावा. मात्र फोनची गाठ सिमशी असल्यामुळे बँकेकडे नोंदवलेल्या क्रमांकाचे सिमही त्याच फोनमध्ये ठेवावे लागते, म्हणजे दोन क्रमांक आले. मला आधी ही कटकट वाटली. पुढे लक्षात आले की कापडाच्या दुकानात, दवाखान्यात, मॉलच्या बक्षीस योजनेत जो क्रमांक मी बेफिकीरपणे सांगत फिरतो, तो आता बँकेचा क्रमांक राहिलेला नाही. फोन यंत्रावर टेकवून पैसे देण्याची गूगलची सोय या प्रणालीवर चालत नाही, म्हणून परदेशातील लोक हळहळतात. इंदूरमध्ये क्यूआरचे राज्य असल्यामुळे आपल्याला त्याचे सोयरसुतक नाही.

पैशांखालोखाल विचार करण्याजोगी गोष्ट परवानग्यांची. नेहमीच्या अँड्रॉइडमध्ये इंटरनेट वापरण्याची परवानगी ॲपला न विचारताच मिळते. ग्राफीन ओएसमध्ये ती काढून घेता येते आणि ॲपला वाटते की नेटवर्कच बंद आहे. मराठी लिहिणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. प्रणालीसोबत येणाऱ्या साध्या कळफलकावर देवनागरीची मांडणी असते, पण रोमन अक्षरांत 'udya bhetu' लिहून 'उद्या भेटू' मिळवण्याची सवय ज्यांना लागली आहे, त्यांना गूगलचा कळफलकच हवा असतो. कळफलक म्हणजे असे ॲप की पासवर्डपासून पत्रापर्यंत आपण जे काही लिहितो ते सारे त्याच्या हाताखालून जाते. म्हणून भाषेचा संच उतरवून घ्यावा आणि मग त्याचे इंटरनेट बंद करावे. यात एक बारीक मेख आहे. एकाच दालनातील दोन ॲप परस्परांच्या संमतीने माहितीची देवाणघेवाण करू शकतात, त्यामुळे गूगलची प्ले सर्व्हिसेस त्याच दालनात असेल तर भिंत असली तरी खिडकी तत्त्वतः शिल्लक राहते. रखवालदाराला मी मुख्य दालनात आणले त्याची किंमत ही अशी. मी ती जाणून पत्करली आहे, पण वकिलाने किंवा पत्रकाराने पत्करू नये.

संपर्कयादीची युक्ती याहून मजेदार आहे. एखादे ॲप संपर्क दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देत नसेल, तर त्याला परवानगी मिळाल्याचा भास करून देता येतो आणि प्रत्यक्षात रिकामी यादी किंवा आपण निवडलेली चार नावे दाखवता येतात. फाइलींच्या बाबतीतही तसेच. व्हॉट्सॲपला मी ज्यांच्याशी खरोखर बोलतो ते साठेक संपर्क दिले आहेत. व्हॉट्सॲपवरील मजकूर एप्रिल २०१६ पासून दोन्ही टोकांपर्यंत कूटबद्ध असतो, त्यामुळे पाण्याची वेळ व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, वाचता येत नाही. पण मी कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोललो हे कंपनीला कळू शकते, आणि नात्यांचा नकाशा काढायला तेवढे पुष्कळ होते.

नकाशांचे म्हणाल तर, ऑरगॅनिक मॅप्ससारखे ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवते आणि इंटरनेटशिवाय वाट दाखवते. स्वयंसेवकांनी काढलेल्या या नकाशात राजवाड्याजवळच्या गल्ल्या बऱ्यापैकी आहेत, दुकानांची नावे कमी आहेत. पहिल्यांदा ठिकाण पकडायला कधी वेळ लागतो, कारण उपग्रह आपल्या कक्षेची माहिती अगदी सावकाश प्रसारित करतात आणि जीपीएसच्या सर्व उपग्रहांची संपूर्ण सूची आकाशातून उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. नेहमीचा फोन ही माहिती इंटरनेटवरून आधीच मिळवतो आणि आसपासच्या वाय-फायवरूनही अंदाज बांधतो. ग्राफीन ओएसही ही मदत घेते, फक्त स्वतःच्या सर्व्हरमार्फत. मात्र पलासियाच्या चौकात आता गर्दी आहे का, हे खुल्या नकाशाला सांगता येत नाही. गूगलच्या नकाशातील लाल रेघ त्या रस्त्यावरच्या लोकांच्या फोनची गती पाहून उमटते. म्हणजे ज्या दिवशी मी ती रेघ पाहतो, त्या दिवशी मी इतरांनी दिलेली माहिती वापरत असतो आणि स्वतःची देत नसतो. गोपनीयतेच्या गप्पांत हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. दुसरीकडे, महापालिकेच्या इंदूर ३११ या ॲपवर बंद पथदिव्याची तक्रार करायची तर ठिकाण सांगितल्यावाचून तिला अर्थच नाही, आणि तिथे ते आनंदाने द्यावे.

कोणत्याही प्रणालीला जे जमत नाही तेही सांगितले पाहिजे. फोनमध्ये सिम आहे तोवर तो कोणत्या टॉवरच्या छायेत आहे हे मोबाइल कंपनीला कळते, सिम आपल्या ओळखपत्रावर घेतलेले असते, आणि साधा कॉल व एसएमएस दोन्ही टोकांपर्यंत कूटबद्ध नसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. टॉवरकडे साठलेल्या नोंदींचे काय करायचे हा प्रश्न तिकडचा आहे, फोनच्या सेटिंगमधला नाही.

काकूंचा फोन साधाच आहे आणि तो बदलण्याचा त्यांचा विचार नाही. आहे त्याच फोनच्या परवानग्या आवरायला अर्धा तास पुरला. ठिकाणाची परवानगी 'ॲप वापरात असतानाच' अशी केली, जी सोय अँड्रॉइडमध्ये २०१९ पासून आहे. हवामानाच्या ॲपला नेमक्या जागेऐवजी अंदाजे जागा दिली, ती सोय २०२१ पासूनची. जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळखक्रमांक पुसला. पंचांगाच्या एका ॲपकडे संपर्कयादी आणि मायक्रोफोन अशा दोन्ही परवानग्या होत्या. एकादशी सांगायला त्या कशासाठी लागतात याचे उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्या काढल्या, आणि एकादशी पूर्वीप्रमाणेच वेळेवर येते.

एका ॲपवरून मात्र आमचे जमले नाही. अनोळखी क्रमांक कोणाचा ते सांगणारे ॲप त्यांनी ठेवले आहे आणि ते काढायला त्या तयार नाहीत. बँकेतून बोलतो असे सांगणारे भामटे आठवड्यातून दोनदा फोन करतात आणि ते ॲप त्यांना आधीच ओळखते, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही. अशा काही ॲपांची नावांची यादी वापरणाऱ्यांच्याच संपर्कयाद्यांतून जमलेली असते. परवा एका अनोळखी प्लंबरला मी माझ्या या सोवळ्यातल्या फोनवरून पहिल्यांदाच फोन केला, तर पलीकडून आवाज आला, "बोला, बंड्या राजेंद्रनगर." या नावाने मला फक्त काकूंच्या फोनमध्ये नोंदवलेले आहे.